भाऊंच्या जिवाला धोका

मीरा रोडला शांती नगर, सृष्टी, पूनम सागर अशा नावांच्या वसाहतींत ज्या असंख्य सोसायट्या आहेत, त्यांतल्या प्रत्येकीत एक तरी गृहस्थ पिस्तूल घेणार असतो. घेतलेलं नसतं, घेणार असतो. आमच्या सोसायटीत हे खातं भाऊंकडे आहे.

भाऊ इस्टेट एजंट, पण कार्डावर ‘डेव्हलपर’ छापलेलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढऱ्या चपला. कमरेला उजवीकडे एक फुगवटा असतो. तो मोबाइलचाच असतो. पण शर्ट बाहेर सोडायची आणि मधूनमधून त्यावर हात ठेवायची अशी काही ढब आहे की, तो मोबाइलच आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. पालिकेची मुदत २०२२ मध्ये संपून प्रशासक आले, तेव्हापासून नाक्यावरच्या बॅनरवर भाऊ ‘भावी नगरसेवक’ म्हणून हात जोडून उभे होते. पाऊस-उन्हानं त्यांचा चेहरा उडाला, हात तेवढे राहिले.

पिस्तुलाचा अभ्यास मात्र दांडगा. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर एखादा भाडेकरू नुसता ‘काय भाऊ’ म्हणाला तरी त्याला बत्तीस बोअर म्हणजे काय ते ऐकून घ्यावं लागतं. “नऊ एमएम आपल्याला मिळत नाही, ती प्रोहिबिटेड. पोलीस आणि लष्करासाठी. पब्लिकला पॉइंट बत्तीस.” मग ‘अशनी’ येते. अशनी म्हणजे सरकारी कारखान्यात बनणारं बत्तीस बोअरचं पिस्तूल. भाऊ ते नाव घरच्या सुनेचं घ्यावं तसं घेतात. परदेशी माल हवा, तर तोही ऐंशीच्या दशकात आयात बंद होण्याआधी आलेला, कुणातरी संस्थानिकाच्या नातवानं विकायला काढलेला. त्याचे भाव सहज काही लाखांत. म्हणून बजेटमध्ये अशनीच.

“पण मग रिव्हॉल्व्हर का नको?” असं विचारण्याची चूक मी एकदा केली. भाऊंनी सिक्युरिटीच्या टेबलावरचा टीव्हीचा रिमोट उचलला. “हे बघ. रिव्हॉल्व्हरला चक्री. सहा गोळ्या, दर वेळी चक्री फिरणार. पिस्तुलात मॅगझिन, इथं मुठीत. पहिली गोळी चढवायला ही स्लाइड एकदा मागं ओढायची. मग चाप दाबला की गोळी सुटते, त्याच धक्क्यानं स्लाइड आपोआप मागं जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि येताना दुसरी गोळी आत ढकलते. आपण फक्त चाप दाबत राहायचं. दर गोळीला एकदा. म्हणून सेमी-ऑटोमॅटिक.” रिमोटची मागची झडप निघाली, दोन्ही सेल टेबलाखाली गेले. वॉचमन ते शोधत असताना भाऊ म्हणाले, “मात्र पिस्तुलाचा एक प्रॉब्लेम आहे. कधीकधी अडकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप दाबा, पुढची हजर. इथं स्लाइड ओढून काढत बसावं लागतं. समोरचा तोवर थांबेल का?” हा प्रश्न त्यांनी वॉचमनला विचारला. तो टेबलाखालून “नाही साहेब” म्हणाला.

खरेदीचा विचार भाऊ फ्रिज घेतल्यासारखा करतात. वॉरंटी किती, सर्व्हिसिंग कुठे, ईएमआय बसेल का, रीसेल व्हॅल्यू काय. विकायचं झालं तर घेणाऱ्याकडेही परवाना लागतो आणि व्यवहार सरकारदरबारी नोंदवावा लागतो, हे कळल्यावर ते दोन दिवस गप्प होते. मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर अठ्ठावीस टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांच्या रांगेत जाऊन बसलं, खाजगी यॉट आणि गॅसवाल्या शीतपेयांच्या शेजारी. भाऊंनी ते मनाला लावून घेतलं. “थंडा पिणारा आणि मी, दोघांना एकच टॅक्स?”

स्वस्तात हवं असेल तर दुसरा रस्ताही आहे आणि तो रोजच्या पेपरात छापून येतो : ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसांसह एकास अटक’. भाऊ त्या वाटेला जाणारे नव्हेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्याराला किमान दोन वर्षं आत, हे त्यांना तोंडपाठ आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही. आणि माझ्या मते त्यांचा खरा विरस इथंच झाला. पिस्तूल घेऊन ते वरातीत काढायचं नसेल तर मग ते काढायचं तरी कुठं?

घरून विरोध आहे तो जुना. २०१४च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजार तीनशे साठ, आणि यायचं ते दागिन्याच्या डबीत. भाऊंनी ही बातमी मोठ्या आशेनं वहिनींना वाचून दाखवली. वहिनींनी डबीपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, “अहो, एवढ्यात चार तोळ्यांच्या पाटल्या होतात. आणि पाटल्यांना लायसन लागत नाही.” पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये पहाटे बाहेर पडायच्या गडबडीत अभिनेता गोविंदाच्या स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्याच्या पायाला लागली, तेव्हा वहिनींनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि बोलल्या काहीच नाहीत. भाऊ म्हणाले, “ते जुनं रिव्हॉल्व्हर होतं. म्हणून तर मी पिस्तूल म्हणतोय.”

इतक्या वर्षांत साधा अर्जही का केला नाही, याला पूर्वी सबळ कारण होतं. मीरा-भाईंदर तेव्हा ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आणि परवान्याचं काम ठाण्याला कलेक्टर कचेरीत. ठाण्याला जायचं म्हणजे घोडबंदर रोड. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर तासभर गाडीत बसलेला माणूस शस्त्र मागायला योग्य मनःस्थितीत नसतो, हे भाऊंचं म्हणणं मला आजही पटतं. पण १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरारचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं. परवाना देणारी कचेरी मीरा रोडलाच आली आणि भाऊंची पंचाईत झाली.

पंचाईत अर्जाची नव्हती. फोटो, आधार, आयकराची विवरणपत्रं, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र, हे सगळं माणूस गोळा करतो. पण एका रकान्यात हत्यार कशासाठी हवं ते लिहायचं असतं. भाऊंनी ‘स्वसंरक्षणार्थ’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. अर्ज भरून देणाऱ्यानं विचारलं, “कोणापासून?”

इथं भाऊ अडकले, आणि स्लाइड मागं ओढूनही निघेनात.

शत्रूच नव्हता. साठीला टेकलेल्या, दोन फ्लॅट आणि एक गाळा असलेल्या माणसाला आपला जीव घ्यावा असं कुणालाच वाटत नाही, ही गोष्ट वाटते तितकी सुखाची नसते. त्यांनी आठवून पाहिलं. नव्वदच्या दशकात म्हणे साध्या केबलवाल्यालासुद्धा खंडणीचा फोन यायचा. भाऊंना अनोळखी नंबरवरून फोन येतात ते पर्सनल लोनचे. ज्या मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांतून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना घाऊक धमक्या जात होत्या, त्याच मीरा रोडच्या भाऊंना एक, फक्त एक धमकीचा फोन येऊ नये? बिबट्याचा विचार झाला. नॅशनल पार्क काशिमिऱ्याला खेटून आहे. पण बिबट्यावर रोखायचं म्हटलं तर वनखातं भाऊंनाच आत टाकेल. विरार लोकलचाही विचार झाला. विरारवाले भाईंदरला उतरू देत नाहीत हा जिवाला धोकाच आहे. पण त्या डब्यात पिस्तुलापर्यंत हात पोचत नाही, आणि समोरच्याच्या कोपराला परवाना लागत नाही.

शेवटी सेक्रेटरी सापडले.

सेक्रेटरींशी भाऊंचं पार्किंगवरून वाकडं आहे. एका जनरल बॉडीत ते भाऊंना “बघून घेईन” म्हणाले होते. पाण्याच्या टँकरचं बिल बघून घेईन, असं ते पूर्ण वाक्य होतं; मी शेजारच्याच खुर्चीत होतो. भाऊंनी त्यातलं टँकरचं बिल गाळलं आणि रकाना भरला.

चौकशीला हवालदार आले. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे भाऊंच्या वागणुकीबद्दल विचारलं. सगळे म्हणाले, माणूस चांगला आहे, बोलतो जास्त. मग ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी माळ्यावरून दिवाळीचे कंदील उतरवत होते. “यांच्या जिवाला तुमच्यापासून धोका आहे असं लिहिलंय,” हवालदार म्हणाले. सेक्रेटरी शिडीवरून खाली आले. चष्मा पुसला. “माझ्यापासून?” त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा आवाजात चक्क हसू होतं. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या त्या माणसाकडून कुणाला धोका असल्याचं हे पहिलंच सरकारी कागदपत्र. त्यांनी हवालदारांना चहा पाजला आणि त्या कागदाची झेरॉक्स मिळेल का, अशी चौकशी केली. त्या दिवसापासून सेक्रेटरी जिन्यानं सावकाश, दोन्ही हात किंचित बाहेर काढून उतरू लागले.

आठवड्याभरात त्यांनीही अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात : ‘शेजारी पिस्तूल घेत आहेत.’

दोन्ही अर्जांचं पुढं काय व्हायचं ते होईल. कायद्यानं परवाना मिळाला तर तो पाच वर्षांचा असतो, आणि या वयात भाऊ त्याकडे गुंतवणूक म्हणून पाहतात. मात्र शत्रू मिळाल्यापासून त्यांना बोलायला हक्काचा माणूस मिळाला आहे. बाकावर आता दोघं बसतात. अशनी की रिव्हॉल्व्हर, यावर सेक्रेटरी रिव्हॉल्व्हरच्या बाजूचे. रिमोट वॉचमननं लपवून ठेवला आहे.

मागच्या शनिवारी दोघं एकाच रिक्षानं स्टेशनवर आणि तिथून चर्चगेट गाडीनं मुंबईत, बंदुकांच्या दुकानात भाव काढायला गेले. दुकानदारानं परवाना मागितला. नाही म्हटल्यावर त्यानं कपाट उघडलं नाही, काचेतून दाखवलं. भाऊंनी लाखाच्या घरातला आकडा ऐकला, वर चाळीस टक्के ऐकले, सेक्रेटरींकडे बघितलं, आणि काचेवर बोट टेकवून विचारलं :

“दोन घेतली तर काय कमी होईल?”