हवापालट

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आकाशकंदील माळ्यावर गेला. माझा खोकला तेवढा कुठे जायला तयार नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, ‘आ’ करायला लावलं आणि म्हणाले, ‘काळजीचं काही नाही. घरात हवा खेळती ठेवा.’

एखाद्या सरळ माणसानं घरी येऊन खिडकी उघडली असती. पण मी बत्तीस वर्षं हिशेबखात्यात काढली आहेत. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. खेळती म्हणजे किती खेळती? म्हणून मी खिडकी न उघडता मोबाइल उघडला आणि हवा मोजायचं यंत्र मागवलं. अंगठ्याएवढ्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं ते आलं. बाहेर खोका, आत खोका, त्यात थर्मोकोल आणि फुगे असलेलं प्लास्टिक दीड वार. ते फुगे फोडत बसलेल्या आईनं विचारलं, ‘यात आहे काय?’ म्हटलं, ‘पर्यावरण.’

यंत्रावर दोन आकडे. वरचा पीएम २.५ चा. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, जी नाकातल्या केसांना न जुमानता थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. आपल्या सरकारी मापानुसार चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली तेच माप १५ वर आणलं. खालचा आकडा रंग, फिनेल, अत्तरं यांतून उडणाऱ्या वायूंचा. संध्याकाळी मी यंत्र टीव्हीशेजारी ठेवलं. ४८. सरकारी परीक्षेत पास. मी खूश.

सात वाजून दहा मिनिटांनी बायकोनं खरड्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या.

४८ चे ९० झाले, ९० चे १७०. मी यंत्र हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि लिलाव पुकारावा तसे आकडे पुकारू लागलो. ‘दोनशे चाळीस! दोनशे पंच्याऐंशी!’ ३१२ ला यंत्र लाल होऊन किंचाळलं. बायको म्हणाली, ‘अहो, बाजूला व्हा, मिरची करपेल. आणि एवढंच असेल तर त्या पंख्याचं काहीतरी—’

‘विषयांतर नको,’ मी म्हणालो. ‘इथे फुप्फुसांचा प्रश्न आहे.’

त्याच रात्री मी घरात फोडणीबंदी जाहीर केली. बायकोनं वाद घातला नाही, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पुढचे चार दिवस उकडलेला दुधी, उकडलेला भोपळा, उकडलेल्या शेंगा आणि वरण; फोडणी नाही, हिंग नाही, आशा नाही. पाचव्या दिवशी मी माझा ठराव माझ्याच अध्यक्षतेखाली मागे घेतला.

मग मोर्चा देवघराकडे. आईच्या धुपानं यंत्र असं काही पेटलं की आकड्याला तिसरी जागा पुरेना अशी भीती वाटली. मी धुराचे तोटे समजावून सांगितले. आई म्हणाली, ‘इतकी वर्षं देव त्याच धुरात बसलाय. त्याला कधी खोकला झालेला मी ऐकला नाही.’

मी डाव बदलला. म्हटलं, ‘आई, पूर्वी तुमच्या वेळी सगळं किती आरोग्यदायी होतं! मातीची भांडी, राखेनं घासणं, शेणानं सारवलेली जमीन...’

‘कुणी सांगितलं तुला?’ आई फुगे फोडायची थांबली. (थर्मोकोल फेकला होता, फुग्यांचं प्लास्टिक तिनं ठेवून घेतलं होतं.) ‘चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायचे तेव्हा डोळ्यांची आग व्हायची. तुझ्या आजीचा खोकला चुलीनं केलेला. राखेनं भांडी घासून बोटांना भेगा. गॅस आला त्या दिवशी मी शेगडीला हळदकुंकू वाहिलं. आरोग्यदायी म्हणे! तू तेव्हा अंगणात विटीदांडू खेळत होतास, म्हणून तुला आरोग्यदायी.’

यावर मला उत्तर नव्हतं, म्हणून मी झाडं आणायचं ठरवलं.

झाडांमागे मात्र विज्ञान होतं. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत बिल वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं प्रयोग केले होते. बंद पेटीत बेन्झीनसारखे वायू सोडले, आत कुंडीतली झाडं ठेवली आणि झाडांनी ते वायू कमी केले. अंतराळयानातल्या माणसांना चालतं ते आमच्या तिसऱ्या मजल्याला का चालू नये? एका रविवारी गाडी काढून मी उरुळी कांचनला गेलो. तिथे सगळ्या नर्सऱ्याच नर्सऱ्या. याच गावात १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम काढला, हा मला शुभशकुन वाटला. गांधीजींनी तिथे माती, पाणी, ऊन आणि मोकळी हवा यांवर भागवलं होतं आणि यांतलं काहीही विकत मिळत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी एकतीस कुंड्या घेतल्या. अरेका पाम, स्पायडर प्लांट, पीस लिली, डझनभर मनीप्लांट आणि तलवारीसारख्या उभ्या पानांचं स्नेक प्लांट. नर्सरीवाला म्हणाला, ‘साहेब, याला इंग्रजीत सासूची जीभ म्हणतात.’ ते बायकोनं कौतुकानं आईच्या खोलीबाहेर ठेवलं.

फरशीवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून प्रत्येक कुंडीखाली मी एक ताटली ठेवली. या ताटल्या लक्षात ठेवा.

महिनाभर आकडा जागचा हलला नाही. मुलगी सुट्टीला घरी आली होती. तिनं माझी झाडं पाहिली, नासाची कथा ऐकली आणि अर्ध्या तासात २०१९ सालचा एक शोधनिबंध काढून दाखवला. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी आधीच्या सगळ्या प्रयोगांचे हिशेब एकत्र मांडले होते. बंद पेटीतली गोष्ट निराळी. खऱ्या घरात दारं-खिडक्यांच्या फटींतून जेवढी हवा बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

हिशेब हा माझा प्रांत. आमचा हॉल बारा बाय पंधरा फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. ‘किमान एकशे सदुसष्ट झाडं,’ मी म्हणालो. ‘जास्तीत जास्त सोळा हजार सातशे.’

‘आणि आपण कुठे राहायचं?’ बायकोनं विचारलं. ‘उरुळी कांचनला?’

झाडं परत घेत नाहीत. तेव्हा ती तशीच राहिली आणि मी खालच्या आकड्याकडे वळलो. फरशी पुसायचं फिनेल मी बंद केलं आणि बायोएन्झाइमला हात घातला. कृती सोपी : एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने बाटलीत मुरू द्यायचं. संत्र्यांचे दिवस होते. मी सोसायटीभर फिरून साली गोळा केल्या. लोकांना वाटलं, पेन्शनमध्ये काही घोळ झाला असावा.

पहिला महिनाभर या बाटलीचं झाकण रोज उघडून वायू सोडावा लागतो. मी रोज सोडत होतो. मग चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला तीन दिवस सोलापूरला गेलो. जाताना ‘आई, बाटलीचं झाकण’ एवढंच सांगितलं. आईला वाटलं, घट्ट आहे का ते बघ. तिनं बघितलं आणि अजून एक पीळ दिला.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. छताला चिकटलेल्या संत्र्याच्या सालीला पाहून आई म्हणाली, ‘हे तुझं यंत्र काय म्हणतंय?’ यंत्राचा खालचा आकडा कधी नव्हे इतका वर होता. गूळ आंबला की आधी दारू होते, मग शिरका. ते वायूच. स्वच्छतेसाठी केलेल्या उपायानं घराला आठवडाभर गुत्त्याचा वास येत होता आणि दूधवाला दारातून आत बघून हसायचा.

एवढं सगळं होऊनही माझा उत्साह टिकून होता, कारण घराबाहेर मला किंमत होती. लिफ्टमध्ये, जिन्यात, सोसायटीच्या सभेत मी पीएम २.५ वर बोलत असे. समोरच्या फ्लॅटमधले काका निवृत्त इंजिनिअर. ते एकटेच शेवटपर्यंत ऐकायचे, प्रश्न विचारायचे, टिपणं काढायचे. त्यांना मी यंत्राची लिंकसुद्धा पाठवली. माणूस जोडल्याचं समाधान वेगळंच.

जुलैत पाऊस धरला. आणि एका सकाळी पालिकेच्या आरोग्य खात्याचे दोघं जण दारात उभे राहिले. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात वही. मला वाटलं, आमच्या हरित गृहाची कीर्ती वर पोचली. मी त्यांना झाडांची नावं सांगत पुढे चाललो आणि बॅटरीवाला माझ्यामागून एकेका ताटलीत प्रकाश टाकत येत होता.

‘साहेब, हे बघा.’

ताटलीतल्या पाण्यात बारीक बारीक काड्या नाचत होत्या. डोकं खाली, शेपूट वर. मनीप्लांटच्या बाटल्यांतही तेच. ‘एडिसच्या अळ्या,’ तो म्हणाला. ‘डेंगीचा डास. याला गटारातलं पाणी चालत नाही, तुमच्यासारखं स्वच्छ लागतं. अंडं ते डास आठ-दहा दिवसांत.’ मग त्यानं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगितलं, ताटल्या नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. अंडी कडेला चिकटून सुकी राहिली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. दंड न करता त्यानं ताकीद दिली. ‘एकतीस कुंड्या म्हणजे...’ वहीवाला पुटपुटला आणि ‘डासोत्पत्ती स्थाने’ या रकान्यात त्यानं एकतीस लिहिलं. सबंध सोसायटीत मिळून इतर ठिकाणं चार होती. संध्याकाळी ती यादी सोसायटीच्या ग्रुपवर आली. नाव नव्हतं, फ्लॅट नंबर होता.

ताटल्या घासल्या, पण उडालेल्या डासांना कोण परत बोलावणार? ते दिवसा आईला चावत आणि रात्री त्यांचे नालीतले नातेवाईक मला. नाइलाजानं मी कॉइल आणली. हर्बल, पुडक्यावर तुळशीचं चित्र होतं. रात्री दारं-खिडक्या बंद करून ती खाटेखाली लावली. दुसऱ्या मिनिटाला हॉलमधलं यंत्र असं ओरडलं की बायको दरोडा पडला म्हणून उठली.

मुलीला फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग टायपिंगचा आवाज. ‘बाबा, ऐक. २००३ सालचा अभ्यास आहे. एका कॉइलच्या धुरातून पीएम २.५ निघतं ते ७५ ते १३७ सिगरेटींएवढं.’

मी २००९ साली सिगरेट सोडली. दर वर्षी त्या तारखेला घरात श्रीखंड असतं, मी छोटंसं भाषण करतो. तेव्हासुद्धा माझं प्रमाण दिवसाला चार होतं. हवा शुद्ध करण्यासाठी झाडं आणली, झाडांनी डास आणले, डासांनी कॉइल आणली आणि आता बंद खोलीत आम्ही नवरा-बायको रात्रभरात शंभरेक सिगरेटी ओढत होतो. बायकोनं तर आयुष्यात एकही ओढलेली नव्हती. तिनं हे मला तीन वेळा सांगितलं.

खोकल्यानं आता चांगलं बस्तान बसवलं होतं. पुन्हा डॉक्टरांकडे. या वेळी बायको बरोबर होती.

‘स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आहे का?’

‘आहे,’ मी म्हणालो.

‘लावत नाही,’ बायको म्हणाली.

‘का?’

माझ्याकडे दोघंही बघू लागले. त्याचं असं झालं की दोन वर्षांपूर्वी त्या पंख्याच्या मागच्या खोबणीत कबुतरानं घरटं केलं. चार काड्या, दोन अंडी. पंखा लावला तर जीव जातील, म्हणून मी स्विचवर चिकटपट्टी लावली आणि ‘कृपया लावू नये’ असं लिहिलं. अठरा दिवसांत अंडी फुटतात, महिन्याभरात पिल्लं उडतात, एवढा धीर माणसानं धरायला हवा, असं मी घरच्यांना सुनावलं. पण पहिली पिल्लं उडायच्या आत पुढची अंडी. मग पुढची. चिकटपट्टी तिथेच राहिली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे घरात पक्षी पाळलेत?’

‘पाळलेले नाहीत,’ मी म्हणालो. ‘राहतात.’

कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काही माणसांच्या फुप्फुसांना कशी बाधते, हे मग त्यांनी वीस मिनिटं समजावलं. खिडकी उघडा, पंखा लावा, कबुतरं हलवा. फी पहिल्याइतकीच.

घरटं रिकामं व्हायची वाट पाहिली. मग माणूस बोलावला. त्यानं तोंडाला मास्क बांधून, धूळ उडू नये म्हणून आधी सगळं पाण्यानं भिजवून दोन पोती माल काढला आणि बाहेरून जाळी ठोकली. बायकोनं स्वतःच्या हातांनी चिकटपट्टी काढली. हॉलच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. संध्याकाळी मिरच्या तव्यावर पडल्या, पंखा घरघरला आणि मी यंत्र घेऊन दारात उभा राहिलो. ४१. ३६. २९. खरडा तयार झाला तेव्हा २२. एक महिना असं चाललं. खोकला कधी गेला ते कळलंही नाही. यंत्र आता आईच्या ताब्यात आहे. शेजारच्या बायका आल्या की ती सोन्याचा भाव सांगावा तसा आजचा आकडा सांगते.

काल पावणेआठला बेल वाजली. दारात समोरचे काका. मफलर बांधलेला, डोळ्यांत पाणी आणि हातात, आरतीचं तबक धरावं तसं धरलेलं, हुबेहूब माझ्यासारखं यंत्र.

‘तुमच्याच सांगण्यावरून घेतलं,’ ते खोकत म्हणाले. ‘तुमचा पंखा डक्टमध्ये उघडतो. माझ्या बेडरूमची खिडकीही तिथेच. महिनाभर नोंदी ठेवल्यात मी.’ त्यांनी खिशातून चौकोनी वही काढली. ‘आज तुमच्याकडे खरडा होता ना? सात वाजून बत्तीस मिनिटं. दोनशे ऐंशी.’

मागून आई मोठ्यानं म्हणाली, ‘अरे, आज आपला अठरा आलाय बघ!’