करमुक्त खडखडाट

ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत घेतली, की खरेदी कर वाचायचा. फक्त जोडणीची पुस्तिका द्यायला बंदी. म्हणून म्हणे कंपनीने गाडी खोलण्याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची! कायदाही खूश. पण डावीकडे वळताना मागून ‘टण्ण’ झालं, की भांडायचं कुणाशी? मिस्त्री घरचाच. सायलेन्सरचा क्लॅम्प आवळून होतो, चाक जॅकवर उचलून बेअरिंग हलवून होतं, बायकोला शेजारी बसवून कान लावायला सांगून होतं. (तिला आवाज ऐकू येत नाही. तो फक्त निर्मात्यालाच येतो.) अखेर मागचा पत्रा उचकटल्यावर आतून अर्ध्या इंची पाना निघतो. जो शेजाऱ्याने ढापला म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तोच.