नव्या पेठेतला फर्ग्युसन

फर्ग्युसन म्हटल्यावर ज्यांना पुण्याचं कॉलेज आठवतं, त्यांनी सोलापूरच्या नव्या पेठेतल्या या दुकानात चादर घ्यायला जाताना जपून बोलावं. रंग बघावा, भाव करावा, पिशवी उचलावी आणि निघावं. "काय म्हणतंय युनायटेड?" असं चुकून विचारलंत, तर मालक तुम्हाला स्टूल देतो, पोऱ्याला चहा सांगतो, टॉवेलांची थप्पी बाजूला सारतो आणि बिलबुकाची पाठकोरी बाजू पुढ्यात ओढतो. पुढचा पाऊण तास तुमचा नसतो.

गाव त्याला 'कोच' म्हणतं. त्याने आजवर कुणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नाही. शाळेत तो गोलकीपर होता, तोही पळायचा कंटाळा म्हणून. पण कोच हा काही एकटा नव्हे, ही जमात आहे. कुणी अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा हिशेब लिहितो, कुणी सात रस्त्याला मोबाइल दुरुस्त करतो, कुणी बँकेत कॅशला बसतो. दिवसभर साधी, मवाळ, 'बघू की'वाली माणसं. शनिवार-रविवार आला की मात्र या प्रत्येकाच्या अंगात न्यायाधीश येतो आणि सात हजार किलोमीटरवरच्या एका माणसाची नोकरी धोक्यात येते.

कोच मँचेस्टर युनायटेडचाच का? त्याचं पहिलं उत्तर ऐतिहासिक असतं. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं गाव, सोलापूरही कापडगिरण्यांचं गाव, तिथल्या गिरण्या बंद पडल्या, इथल्याही पडल्या. म्हणजे नातं आहे. ('महाराष्ट्राचं मँचेस्टर' ही पदवी इचलकरंजीवाले घेऊन बसलेत, हे त्याला सांगू नये. सांगून पाहिलंय.) खरं उत्तर २६ मे १९९९. बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बायर्न म्युनिक, नव्वद मिनिटं संपली तरी एक-शून्य मागे. इथे मध्यरात्र उलटून गेलेली. मग भरपाईच्या वेळात आधी शेरिंगहॅमचा गोल आणि लगेच सोलशायरचा. कोच ही दोन मिनिटं अशी सांगतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. फक्त त्याच्या धाकट्या भावाला ठाऊक आहे, की नव्वदावं मिनिट भरल्याबरोबर आईने ओरडून टीव्ही बंद करायला लावला होता आणि कोचने ते दोन्ही गोल नंतर पाहिले. मात्र तेव्हापासून इतक्यांदा पाहिले, की आता ते त्याने त्याच रात्री पाहिले असंच धरायला हवं.

त्याच्या न्यायालयात कायदा एकच: फर्ग्युसन. सर ॲलेक्सनी २०१३ मध्ये युनायटेडच्या मॅनेजरपदावरून निवृत्ती घेतली तोवर तेरा लीग विजेतेपदं झाली होती. त्यानंतर जो येईल तो आरोपी. मोयेसना सहा वर्षांचा करार दिला होता, दहा महिन्यांत घरी गेले. कोचच्या मते नऊ महिने उशीर झाला. व्हान गाल यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांची गच्छंती झाली. कोच म्हणाला, कपाचं काय घेऊन बसलात, खेळ बघून डोळा लागायचा. मोरिन्यो संघाला दुसऱ्या क्रमांकावर घेऊन गेले, तर 'दुसरा म्हणजे हरलेल्यांतला पहिला.' एकट्या सोलशायरला जन्मठेपेऐवजी जामीन मिळाला. जवळजवळ तीन वर्षं माणूस खुर्चीवर होता, कप एकही नाही, तरी कोचचा अभिप्राय इतकाच: "माणूस चांगलाय लका." १९९९ ची उधारी फिटायची होती.

गंमत अशी, की हाच फर्ग्युसन तो दोन्ही बाजूंनी वापरतो. संघ हरला की, "फर्ग्युसन असता तर बूट फेकून मारला असता!" आणि जमातीतला चेल्सीवाला चिडवायला लागला की, "फर्ग्युसन ८६ ला आला, पहिला कप ९० ला मिळाला, वेळ द्यावा लागतो बे!" शनिवारी रात्री वेळ नसतो, रविवारी सकाळी असतो. चेल्सीवाल्याने एकदा तारखा-वारांसकट ही दोन्ही वाक्यं त्याच्यापुढे ठेवली. कोच शांतपणे म्हणाला, "दोन्ही बरोबर हायत की."

आता हाच माणूस एरवी कसा आहे ते पाहा. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी धरण भरो की न भरो, कोच पिंप भरून ठेवतो आणि कुणालाही दोष देत नाही. विमानतळाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडायची की ठेवायची, यावर गावाने वर्षानुवर्षं वाद घातला. ती जून २०२३ मध्ये पाडली आणि गोव्याचं विमान उडालं जून २०२५ मध्ये. या दोन वर्षांत कोचने कुठल्याही साहेबाच्या हकालपट्टीची मागणी केली नाही. मात्र याच दोन वर्षांत त्याने युनायटेडचे मॅनेजर टेन हाग यांना किमान वीस वेळा काढलं. मला वाटतं, त्याचं कारण अगदी साधं आहे. तिथे खरंच काढतात. चौदावा नंबर आला म्हणून साहेब खुर्चीवरून उठलाय, हे दृश्य बघायला मिळेल अशी जागा त्याला इंग्लंडातच सापडली.

टेन हाग गेले ते २८ ऑक्टोबर २०२४ ला. इकडे वसुबारस. दोन वर्षांत दोन कप दिलेला माणूस, उन्हाळ्यात करार वाढवून दिलेला, आणि दिवाळीच्या पहिल्या पणतीला घरी. कोचने पेढे वाटले. वहिनींनी पेपरात वाचून विचारलं, "काढल्यावर ह्यांना पैसे पण देतात?" देतात, म्हणजे त्यांना आणि त्यांच्या माणसांना मिळून एक कोटी पौंडांहून जास्त. वहिनींचे सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर देणी मिळवायला ते किती वर्षं हेलपाटे घालत होते, हे त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं. "चांगलंय की मग," त्या म्हणाल्या, "तुम्ही पण बघा असली नोकरी." कोच पेढ्याचा पुडा घेऊन खाली गेला.

मग आले रूबेन अमोरिम, लिस्बनहून, तरुण, दाढीवाले, पोरगेलेसे. कोचने नियमाप्रमाणे तीन मॅचची मुदत दिली आणि शेंगदाणे काढले.

शेंगदाण्यांचं सांगायला हवं. अमोरिमांची पद्धत तीन-चार-तीन. मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन, आणि गोलकीपर. ही पद्धत का चालत नाही हे दाखवायला कोच स्टीलच्या ताटलीत अकरा खारे दाणे मांडतो. ब्रूनो फर्नांडिस हा सालासकटचा मोठा दाणा. समोरच्या संघासाठी फुटाणे. मग बोटाने एक फुटाणा सरकवत बाजूच्या मोकळ्या जागेतून आत आणतो. "हितनं आला. आता ह्याला अडवणार कोण? हा? हा तर पुढं गेलाय!" आणि जो दाणा जागेवर नाही तो उचलून तोंडात टाकतो. त्याच्याकडे खेळाडूला बसवणं म्हणजे हे. सामन्याचा उत्तरार्ध समजावून होईपर्यंत संघात सहा-सात जण उरतात आणि मुद्दा आपोआप सिद्ध होतो.

त्या मोसमाच्या शेवटी युनायटेड पंधरावं. ४२ गुण, १८ पराभव. अमोरिमांच्या वाट्याचे २७ सामने आणि २७ गुण. कोचने हा हिशेब बिलबुकावर दोनदा करून पाहिला. युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून गेली, एक-शून्य. आणि त्याच वर्षी लिव्हरपूलने विसावं विजेतेपद घेऊन युनायटेडची बरोबरी केली. सात रस्त्याचा लिव्हरपूलवाला मुद्दाम दुकानात आला, एक टॉवेल घेतला आणि म्हणाला, "वीसची नोट हाय का सुट्टी?" आठ वर्षांचा ऋणानुबंध होता म्हणून टॉवेल परत घेतला नाही.

पण ग्रिम्स्बीची रात्र वेगळी. २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. दुपारी गणपती बसले, आरत्या झाल्या, आणि रात्री साडेबाराला लीग कपात युनायटेडची गाठ चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्स्बीशी. गल्लीतल्या मंडळाची पोरं राखणीला मांडवात जागी होती. कोच मोबाइल आणि शेंगदाणे घेऊन त्यांच्यात जाऊन बसला. अडचण एकच निघाली: बाप्पासमोर शिव्या द्यायच्या नाहीत, असं अध्यक्षांनी बजावलेलं. त्यामुळे ग्रिम्स्बीने दोन-शून्य केलं तेव्हा मांडवातून नुसतं "अरे देवा, अरे देवा" ऐकू येत होतं, आणि शेजारच्या आजींना वाटलं की काय भक्तिभाव आहे पोरांत.

शेवटी दोन-दोन झालं, पेनल्टी सुरू झाल्या, आणि संपेचनात. पाच झाल्या, सात झाल्या, नऊ. तेवढ्यात पलीकडच्या बोळातून हाक आली, "पाणी आलंSS!"

चार दिवसांनी आलेलं पाणी. अर्धा मांडव उठला. कोच उठला, बसला, परत उठला. पोराला हाक मारली, "मोटर लाव बे!" पोरगा म्हणाला, "तुम्हीच लावा, बघायलोय." घरातून वहिनींचा आवाज. कोच मोबाइल हातात धरून जिना चढत होता, मोटरचं बटण दाबत होता आणि बघत होता. गोलकीपरसुद्धा पेनल्टी मारायला आले. अखेर युनायटेडच्या एम्बेउमोचा फटका आडव्या दांडीवर आदळला. बारा-अकरा, ग्रिम्स्बी. टाकी भरून वाहायला लागली तरी खाली कुणी मोटर बंद करेना. ताटलीत एक दाणा शिल्लक नव्हता.

दुसऱ्या दिवशी अमोरिमांचा एक फोटो जगभर फिरला. भर सामन्यात, पावसात, ते बाकावर बसून हातातल्या छोट्या पाटीवर लोहचुंबकाचे खेळाडू इकडून तिकडे सरकवताहेत. सगळे हसले. कोच हसला नाही. बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिला. मग म्हणाला, "बिचाऱ्याला खाता पण येईना."

त्यानंतर तो थोडा मऊ पडला होता, हे कबूल करायला हवं. पोप आले तरी पद्धत बदलणार नाही, असं अमोरिम म्हणाले तेव्हाही कोचने "स्वाभिमानी हाय" एवढाच शेरा मारला. आणि १९ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, ॲनफिल्डवर मॅग्वायरने डोक्याने गोल घालून लिव्हरपूलला दोन-एक हरवलं, तेव्हा कोचने दुसऱ्या दिवशी पहाटे उडवायची लड रात्री अकरालाच लावली. २०१६ नंतर पहिल्यांदा तिथे जिंकले होते. पुढे त्या ऑक्टोबरसाठी अमोरिमना 'महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर' किताबही मिळाला. कोचचा निकाल बदलला: "आपण आधीपासून म्हणालतो."

त्या दिवाळीला कोल्हापूरचा मेहुणा आला होता. तो पाटाकडील तालमीचा. शाहू स्टेडियमवर दिलबहारशी फुटबॉलची मॅच असली की जेवण सोडणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाजी, पाचच दिवसांमागं गोव्यात फातोर्ड्याला आपली इंडिया सिंगापूरकडनं हरली, आशिया कपातनं बाहेर. कोच खालिद जमीलचं काय करायचं?" कोच चमकला. गोवा म्हणजे आता घरचं विमान. त्याने ताटलीकडे पाहिलं, पण हे अकरा जण कुठे मांडायचे ते त्याला सुचेना. "नवीन हाय अजून," तो म्हणाला, "वेळ द्यायला पायजे." मेहुणा म्हणाला, "आमच्यात हरलेला कोच दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच गल्लीतनं दूध आणायला जातो. काय म्हणायचं ते तोंडावर म्हणावं लागतं." कोचला हा प्रकार अगदीच गैरसोयीचा वाटला.

मग ५ जानेवारी २०२६. आदल्या दिवशी लीड्सशी एक-एक, आणि त्यानंतर अमोरिमांचं बोलणं, की मी मॅनेजर म्हणून आलोय, नुसता कोच म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी काढलं. संघ त्या वेळी सहाव्या क्रमांकावर होता. पंधराव्याला ठेवला, सहाव्याला काढला. दुपारी दुकानात गड्ड्याच्या यात्रेसाठी आलेल्या पाहुण्यांची गर्दी, चादरी दाखवता दाखवता कोचने मोबाइल पाहिला आणि गिऱ्हाइकाला अर्धी उलगडलेली चादर तशीच देऊन टाकली.

"काढलं," तो म्हणाला. चौदा महिने ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. पोऱ्याने विचारलं, पेढे आणू? कोच भडकला. "पेढे कसले? आत्ता कुठं टीम बसालती बे!"

संध्याकाळी सात रस्त्याचा लिव्हरपूलवाला आला. कोच सावध झाला, वीसची नोट आठवली. पण त्याचा चेहरा पडलेला. गेल्या मोसमाचे चॅम्पियन शरद ऋतूत लीगच्या सातांपैकी सहा सामने हरले होते. घरच्या मैदानावर फॉरेस्टने तीन गोल घातले, पीएसव्हीने चार. लिव्हरपूलवाला स्टुलावर टेकला, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "कोच, तुम्हाला अनुभव हाय. आमच्या मॅनेजरचं, स्लॉटचं, काय करावं?"

कोचने चष्मा पुसला. बरणी खाली घेतली.

"चहा तू सांगायचा," तो म्हणाला. "आणि पहिल्यापासून सांग. कुठल्या मॅचपासून वाटायला लागलं?"