पुढच्या चिमट्याची शास्त्रशुद्ध निवड

मुंबईच्या आरे दुग्धवसाहतीतील आतल्या रस्त्यांवरून अर्धशतक उलटलेली मोटारसायकल पाय न टेकता पार नेण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या, आणि त्याकरिता तिच्या पुढील चिमट्यात, ज्यास मिस्त्रीवर्ग ‘शॉकअप’ या नावाने ओळखतो, फेरफार करू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांच्या माहितीसाठी प्रस्तुत टिपण सादर केले आहे. टिपणकर्त्याच्या पदरी म्हैसूरच्या कारखान्यातून १९६० च्या दशकात बाहेर पडलेली एक जावा आहे, एवढीच त्याची पात्रता.

पाय न टेकण्याचा आग्रह माझा नव्हे. ‘ट्रायल’ नामक विलायती क्रीडेत वेगाला कवडीचीही किंमत नसून, दगडधोंडे, ओहोळ व चिखल यांतून माणसाच्या चालीने गाडी न्यावयाची असते. पाय एकदा टेकला की एक दंडगुण, गाडी बंद पडली की पाच. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली ती रॉयल एनफिल्डवर, म्हणजे आपल्याकडे फौजदाराच्या बुडाखाली शोभणाऱ्या बुलेटच्या घराण्यातील गाडीवर. मात्र स्कॉटलंडचा खडक वंशपरंपरेने जागच्या जागी असतो. आरेतील खड्डा ही जंगम मालमत्ता असून, वैशाखात ज्याची पाहणी केली तोच आषाढात पाण्याखाली दडून दोन हात पुढे सरकलेला आढळतो. मुंबई शहरातील तबेले हलवून म्हशींना हवेशीर वसाहत द्यावी म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली व १९५१ साली पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले, हे लक्षात घेतले म्हणजे या रस्त्यांवरील पहिला हक्क कोणाचा, याविषयी संदेह उरत नाही. म्हशीचे चारही पाय सदैव टेकलेले असतात आणि तिला दंडगुण नाहीत.

आता निवडीकडे वळू. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, किंवा शुक्रवारी पहाटे चोरबाजारात, कोणत्याही अर्वाचीन गाडीचा जाडजूड पायांचा, डिस्कब्रेकसहित चिमटा माफक दरात मिळतो, आणि तो पाहून ज्याचे चित्त विचलित होत नाही असा पुरुष विरळा. तथापि, तो मोह आवरावा. नवा चिमटा लांब असल्यास गाडीचे नाक वर उठते, हँडल जिच्यात फिरते त्या मानेचा कल वाढतो, आणि मानेची रेषा जमिनीस जेथे भिडते त्या बिंदूमागे चाक जितके टेकते ते अंतरही वाढते. परिणामी महामार्गावर सरळ धावणारी गाडी चालत्या म्हशीच्या गतीला हँडल वळवताना खानदानी जमीनदारासारखी सुस्त होते. शिवाय जुन्या मानेत नवा दांडा आणि नवे कोनसेट (बेअरिंग) बसवताना खरादवाला ज्या आत्मविश्वासाने ‘बसेल की’ म्हणतो, तो आत्मविश्वास गाडीच्या मालकाने उसना घेऊ नये.

दुसरी अडचण सरकारी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वर्ज्य आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकीस ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंद व पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे देऊ केली, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले, आणि वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, कवच वा इंजिन यांत ठळक फेरबदल नसावा, अशी अट घातली. चिमटा हा सांगाड्याचा अवयव की केवळ शेजारी, हा प्रश्न मी तज्ज्ञांवर सोडतो. असे वाहन रोजच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन, देखभाल व तांत्रिक संशोधन यांपुरतेच ते आणावे, असा दंडक आहे. हवालदाराने हटकल्यास ‘तांत्रिक संशोधन’ असे उत्तर द्यावे. समोरच्या खड्ड्याकडे बोट दाखवले असता ते असत्य ठरत नाही.

यावरून सिद्ध होते की सज्जनाने करावयाची सुधारणा चिमट्याच्या नळीच्या आत, दृष्टीआड करावी. तेथे दोनच वस्तू आहेत: स्प्रिंग आणि तेल. दाट तेलाने चिमट्याचे पाय सावकाश परततात, आणि खड्ड्यांची रांग लागली की पहिल्यातून सावरण्याआधीच दुसऱ्यात शिरून चिमटा हळूहळू खालीच बसून राहतो. पातळ तेलाने तो उड्या मारतो. गॅरेजमध्ये उरलेले मोबिल ओतण्याचा शिरस्ता आहे, तो मोडावा. फोर्क ऑइल आणावे, आणि ते कटिंगच्या ग्लासाने नव्हे, तर बाळास औषध पाजण्याच्या सिरिंजने, दोन्ही पायांत सारखे मोजून घालावे.

स्प्रिंगवर पीव्हीसी पाईपचा तुकडा ठेवून ताण वाढवता येतो. तेवढ्याने ती कडक होते असा समज प्रचलित आहे, पण तो चुकीचा आहे. नाक उंचावते, इतकेच. स्वार बसला असता एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश दब पडावा, हे प्रमाण. ते मापण्यास दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे ही कामगिरी सौभाग्यवतींनी शिवणाच्या टेपेने पार पाडली. त्या दिवशीच्या नोंदीत शॉकअपच्या मापाशेजारी माझ्या कमरेचेही माप आढळते, मात्र त्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध असल्याचे मी मान्य करीत नाही.

एवढे सारे करून गेल्या पावसाळ्यात मी एका युनिटाकडे, म्हणजे म्हशींच्या गोठ्याकडे, जाणारा उतार सात पाय टेकून उतरलो. त्यांपैकी दोन म्हशींना वाट देण्यासाठी होते, ते वजा धरावेत. त्याच दिवसापासून डाव्या शॉकअपचे ऑइल सील गळू लागले, आणि बदलूनही गळते, कारण नळीवर गंजाची खाच आहे. कोणा वाचकाच्या माळ्यावर जुन्या जावाच्या शॉकअपची जोडी धूळ खात पडली असल्यास त्याने ती भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी मला कळवावे. एकटा डावा असला तरी चालेल.