बोगदा : साहित्य आणि कृती

(वय वर्षे ३ ते ५. साधारण तीस मुलांना पुरतो. पूर्वतयारी एक रविवार. घरातला वाद धरल्यास दोन.)

म्हैसुरात राहणाऱ्या मराठी माणसाला विश्वेश्वरय्यांबद्दल जरा जास्तच हक्क वाटतो. ते इथले दिवाण झाले १९१२ साली. पण इंजिनिअर झाले पुण्यात, आणि खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसवली तीही त्याच्या बरीच आधी. तेव्हा बालवर्गाच्या पालकसभेत ‘क्रीडादिनाच्या अडथळा शर्यतीसाठी बोगदा कोण करून देईल?’ असा प्रश्न आला आणि मला कळायच्या आत माझा हात वर गेला. ज्यांचा हात असाच वर जातो, त्या नवशिक्यांसाठी ही कृती.

साहित्य

वॉयलच्या जुन्या साड्या २, फिकट रंगाच्या. पट्ट्यांसाठी तिसरी, कितीही विटलेली. अर्धा इंची काळी लवचीक पाण्याची नळी ३० मीटर. नळी जोडायचे जॉइंटर १२. चिकटपट्टी. शिलाई मशीन, आणि ते चालवता येणारे माणूस. संयम चवीपुरता.

साड्यांची निवड

कपाट स्वतः उघडू नका. म्हैसूरच्या रेशमाचा कारखाना १९१२ सालचा आहे आणि या शहरात त्या साडीकडे ‘कापड’ म्हणून पाहणारा नवरा अजून जन्मायचा आहे. मी नुसते ‘ही पिवळी चालेल का?’ असे विचारले. त्यानंतरचा शनिवार मी लेखातून गाळला आहे. जॉर्जेट सुळसुळते, नायलॉनने गुडघे सोलवटतात, गडद रंग उन्हात तापतो. वॉयल पातळ, सुती, हवा खेळती ठेवणारे. शिवाय आत मूल कुठवर पोचले, हे बाहेरून सावलीसारखे दिसते. हा गुण किती मोलाचा, ते पुढे कळेल.

विकतचा बोगदा का नको, असे कोणी विचारेलच. त्यांना ताराबाई मोडकांचे नाव सांगा. अनुताई वाघांच्या सोबतीने १९४५ सालापासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालवाडीची साधने आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच उभी केली. फक्त त्यांना पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हता, एवढे मनात म्हणा.

कडी

इथे तीन पंथ आहेत. पहिला खोक्यांचा : फ्रिजची खोकी एकापुढे एक चिकटवायची. म्हैसुरात परतीचा पाऊस कधीकधी डिसेंबरातही डोकावून जातो, आणि रात्रभर अंगणात राहिलेल्या खोक्यांची सकाळी लापशी होते. अनुभवाचे बोल आहेत. दुसरा बांबूचा : बांबू बाजारात जाऊन कांब्या वाकवून घ्यायच्या. दिसतात देखण्या, पण एखादी मोडली तर कूस मुलाच्या तळव्यात जाते. तिसरा नळीचा, तोच आपला. काळी नळी दुकानातून वेटोळे होऊनच येते. गोल व्हायला तिची मनापासून तयारी असते.

आता गणित. कड्याचा व्यास ७० सेंटिमीटर धरा. परीघ २२० येतो. साडीचा पन्हा ११५ सेंटिमीटर. दोन साड्या काठाला काठ लावून जोडल्या की २३०. दोन्ही शिवणींत थोडे थोडे गेले की उरतात बरोबर २२०. हे जुळले तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

२२० सेंटिमीटरचे बारा तुकडे कापा. टोके कानशीने घासा, जॉइंटर घाला, वर चिकटपट्टीचे चार वेढे द्या. जॉइंटर गरम पाण्यात न बुडवलेल्या नळीत जात नाही, हे दुकानदार सांगत नाही. आता मी सांगितले.

शिवण

परकराला असतो तसा नेफा शिवायचा, फक्त आडवा आणि बाहेरच्या अंगाला. तिसऱ्या साडीच्या चार बोटे रुंद पट्ट्या ठरावीक अंतरावर शिवा आणि त्यातून नळी ओवून मग तिचे कडे जोडा. आधी जोडून मग ओवायचा प्रयत्न मी केला. आई सोलापूरहून आली होती; तिने चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाली, “नाडी कधी गाठ मारून ओवतात का रे?” पुढची सगळी शिवण आईने केली. मी नळी धरून उभा होतो.

लांबी

सगळ्या चुका इथे होतात. साडी साडेपाच मीटर, म्हणून बोगदा साडेपाच मीटर, असे मला वाटले. खरे सांगायचे तर मनात पारसिकचा बोगदा होता. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. कपाटात नऊवारी होती तिच्याकडेही माझी नजर गेली होती. आईने कपाटाला कुलूप लावले.

इमारतीच्या व्हरांड्यात चाचणी घेतली. माझी चार वर्षांची मुलगी उत्साहाने आत शिरली, सावली निम्म्यापर्यंत गेली, थांबली, वळली आणि शिरली त्याच तोंडातून बाहेर आली. मी म्हटले, “अगं, पलीकडून यायचं ना!” ती म्हणाली, “तिकडे तू नव्हतास.”

बालवर्गाच्या मिसना फोटो पाठवला. उत्तर आले, “सार, मूरु मीटर साकु.” म्हणजे तीन मीटर पुरे. बोगद्यात शिरताना मुलाला पलीकडचे तोंड, आणि त्या तोंडात ओळखीचे तोंड, दिसायला हवे. म्हणून कात्री घ्या आणि मधोमध कापा. जड मनाने कापा, पण कापा. पावणेतीन मीटरचे दोन बोगदे होतात, प्रत्येकी सहा कडी. शर्यतीला दोन रांगा लागतातच. म्हणजे हे आधीपासून ठरले होते, असे सर्वांना सांगता येते.

मैदानावर

गवतात काटा, खडा, मुंग्यांची रांग आहे का, ते हाताने चाचपून पाहा; मग खाली सतरंजी. तोंडाशी दोरी, नाडी, झालर काही लोंबू देऊ नका. एका वेळी एका बोगद्यात एकच मूल. आणि स्वतः एकदा रांगून जा. मी गेलो. बाहेर आलो तेव्हा तीन आजोबा माझ्याकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

एक प्रश्न मात्र पुस्तकी उत्तराने सुटत नाही : गोल वस्तू लोळते. सरावाला पहिला मुलगा आत गेला, मध्यावर गडबडा लोळला आणि बोगदा त्याच्यासकट शेजारच्या रांगेत गेला. त्याला ते इतके आवडले की पुढच्या चौघांनी तेच केले. खुंट्या ठोकाव्यात तर मुले अडखळतील. वाळूची पोती ठेवावीत तर ती आणणार कोण, यावर बापांची सभा भरली.

शेवटची पायरी

सभा चालू असतानाच माझ्या मुलीचा नंबर आला. शिट्टी झाली. ती बोगद्याच्या तोंडापर्यंत धावली, आत डोकावली आणि बाजूच्या मोकळ्या मैदानातून सरळ पळत पलीकडे पोचली. पहिली आली. मिस म्हणाल्या, आतून जायचे. तिने मैदानभर नजर फिरवली आणि विचारले, “बेट्टा एल्ली?”

डोंगर कुठे आहे?

चूक माझीच. मे महिन्यात मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात मीच तिला खिडकीशी बसवून सांगितले होते, की १८६३ साली इथून गाडी सुरू झाली ती २५ बोगदे खोदून. कारण डोंगर मध्ये आला आणि वळसा घालायला जागा नव्हती, की बोगदा करतात. इथे सपाट मैदान होते. दूरवर चामुंडीचा डोंगर होता, पण तो कोणाच्या वाटेत नव्हता.

तेव्हा कृतीत एक जिन्नस वाढवून घ्या : बाबा, ८ नग. दोन्ही बोगद्यांच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, ओणवे, गुडघे आणि हात जमिनीला टेकून, बोगद्याला खेटून. क्रीडादिनी आम्ही तसेच बसलो. बँकेतले, कारखान्यातले, सॉफ्टवेअरवाले, सगळे डोंगर. बोगदा तसूभर लोळला नाही. मुलीने आमच्या रांगेकडे नीट पाहिले, वळसा घालता येणार नाही याची खात्री केली आणि मगच आत शिरली.

तिसरी आली.

टीप : डोंगरांना सकाळी नाश्ता देऊन आणावे. शर्यती तासभर चालतात.