सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता

आमच्या घरमालकांचा आमच्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त तो अकरा महिन्यांचा असतो. दर अकरा महिन्यांनी एजंट घरी येतो, पिशवीतून यंत्र काढून आमचे अंगठे टेकवून घेतो, कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतो आणि आमचा भाडेकरार ऑनलाइन नोंदवून टाकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. सगळं इतकं कागदाविना होतं, की चहाच्या कपाखाली ठेवायला चिठोरंही उरत नाही. शेवटी मेलवर पीडीएफ येते आणि आपण एकविसाव्या शतकात राहतो याची खात्री पटते. मग मुलीच्या शाळेतून निरोप येतो: पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकराराची प्रत द्यावी. कागदावर. सोमवारी सकाळी.

म्हणून रविवारी नऊ वाजता मी पीडीएफ उघडून प्रिंटचं बटण दाबलं. आमचा संगणक आतल्या खोलीत आणि प्रिंटर हॉलमधल्या शोकेसवर. दोघांत वायर नाही, वायफायवर संसार चालतो. पडद्यावर अक्षरं उमटली: प्रिंटर ऑफलाइन. हॉलमध्ये जाऊन पाहिलं, तर निळा दिवा पेटलेला, ट्रेमध्ये कागद, आणि एकूण मुद्रा दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या माणसासारखी. पुन्हा आत आलो. ऑफलाइनच.

या देशात अपघात कोणाच्याही चुकीने होवो, पहिली कॉलर धरली जाते ती ड्रायव्हरची. मीही तेच केलं. संगणकाचं म्हणणं प्रिंटरला कळेल अशा भाषेत सांगणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तोच बिघडला असणार, असं ठरवून मी त्याला काढून टाकला. चौकशी नाही, नोटीस नाही, थेट बडतर्फ. मग नवा उतरवून घेतला. त्याने कामाला लागण्याआधी माझीच मुलाखत घेतली. देश कोणता, भाषा कोणती, ईमेल काय, शाई दरमहा घरपोच हवी का. स्थळ बघायला आलेल्या मंडळींनीही मला इतकं विचारलं नव्हतं. शेवटी त्याने मुद्द्याचं विचारलं: प्रिंटरचा आयपी ॲड्रेस?

इथे मी गालात हसलो. गेल्या वर्षी प्रिंटर बसवताना हा पत्ता मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, लाल पेनाने लिहून ठेवला होता. यंदाचं कालनिर्णय आणल्यावर तो आठवणीने त्यावर उतरवूनही घेतला होता. १९२.१६८.१.५. मी तो एकेक आकडा वाचत टाइप केला. हिरवी पट्टी सरकू लागली, सरकत सरकत शेवटाला आली आणि तिथेच थांबली. पाच मिनिटांनी निकाल लागला: ड्रायव्हर इन्स्टॉल होऊ शकला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. अकरा वाजेपर्यंत मी सहा वेळा पुन्हा प्रयत्न केला. सहाही वेळा तोच पत्ता, तेच टायपिंग, तीच पट्टी. चिकाटी हा आमच्या घराण्याचा गुण आहे.

बायको म्हणाली, “अहो, खाली कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. पाच मिनिटांत होईल.”

“घरात प्रिंटर असताना?”

“घरात असून करतोय काय तो?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, त्यामुळे मी इतिहासाचा आधार घेतला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो अडकलेलाच राही आणि रांगेतल्या माणसांना पत्ता नसे. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून अशा वेळी सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रामच कोणी त्याच्या हाती देईना. तो संताप त्याच्या मनात राहिला, आणि १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर करून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली. थोडक्यात, घरचा प्रिंटर सोडून कोपऱ्यावर जाणाऱ्यांच्या हातून इतिहास घडत नसतो. बायको म्हणाली, “मग भाजी तरी आणा.”

भाजी आणताना भाच्याला फोन लावला. भाचा आयटीत आहे, म्हणजे मिक्सरपासून म्युच्युअल फंडापर्यंत त्याला सगळं कळतं असं आमचं कुटुंब धरून चालतं. तो झोपेतच म्हणाला, “मामा, स्पूलर रीस्टार्ट करून बघ.”

स्पूलर म्हणजे छापायच्या कामांची रांग लावणारा शिपाई. पुढचा कागद अडला की मागच्यांना तो तासन् तास उभं करतो. हा शिपाई दिसतो गरीब, पण त्याचा पूर्वेतिहास भानगडीचा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या स्पूलरला असं भगदाड सापडलं, की त्यातून शिरून एखादा हल्लेखोर अख्ख्या संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. या प्रकाराला जगाने ‘प्रिंटनाइटमेअर’ असं नाव दिलं. दुरुस्ती हाती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सुचवलेला एक उपाय होता: स्पूलर बंद ठेवा. म्हणजे छापूच नका. चोर येतात म्हणून दार भिंतीत चिणून टाकण्यातला प्रकार. तरी मी शिपायाला उठवला, बसवला, पुन्हा उठवला. रांगेत भाडेकराराच्या सात प्रती ताटकळत होत्या, त्या रद्द केल्या. सातवं इन्स्टॉलेशन सुरू केलं. अयशस्वी.

दुपारी भाच्याने शुद्धीत येऊन फोन केला. “मामा, प्रिंटरचा ॲड्रेस काय टाकतोयस?”

“एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच.”

“कोणी सांगितलं?”

“कालनिर्णयमध्ये आहे.”

पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्याने विचारलं, “काल रात्री लाइट गेली होती का?”

“गेली होती. दोन तास.”

“मग तो पत्ताही गेला.”

त्याने समजावलं ते असं. घरातल्या वायफायचा राऊटर हा घरमालक असतो. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर, जो येईल त्याला तो एक क्रमांक राहायला देतो, आणि तोही भाड्याने. ही माझी उपमा नव्हे. इंजिनिअर लोक या व्यवहाराला ‘लीज’च म्हणतात. अनेक घरगुती राऊटरांत ही लीज चोवीस तासांची असते आणि अर्धी मुदत सरली की भाडेकरू आपणहून नूतनीकरण मागतो. त्यामुळे महिनोन् महिने क्रमांक तोच राहतो आणि आपल्याला वाटतं, हा कायमचाच. शनिवारी रात्री वीज गेली आणि आमच्या राऊटरची भाडेकरूंची वही कोरी झाली. वीज आल्यावर जो आधी पोचला त्याला पहिली खोली. भाच्याच्या सांगण्यावरून राऊटरचं पान उघडून यादी पाहिली. पाच नंबरच्या खोलीत हॉलमधला टीव्ही राहायला आला होता.

म्हणजे मी सकाळपासून ड्रायव्हरला टीव्हीच्या दारात पाठवत होतो. प्रिंटरकडे ९१०० क्रमांकाचं एक दार असतं, त्यातून कागद आत घेतात. टीव्हीला ते दारच नाही. ड्रायव्हर प्रत्येक खेपेला तिथे गेला, दार शोधलं, सापडलं नाही, आणि परत येऊन प्रामाणिकपणे सांगितलं की काम झालं नाही. मी त्याला सात वेळा कामावरून काढलं. चुकीचा पत्ता सांगून रिक्षावाल्याशी भांडणारा माणूस मी रस्त्यात खूप पाहिला होता. तो इतका जवळून पाहायची ही पहिलीच वेळ.

तसे हे ड्रायव्हर आता फार दिवसांचे सोबती नाहीत. नवे प्रिंटर एकच सामायिक भाषा बोलतात. त्यामुळे प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलं आहे. दुभाष्यांचं खातंच बंद होणार. प्रगती चांगलीच आहे, पण मला काळजी वेगळी आहे. ड्रायव्हर गेल्यावर दोष कोणाला द्यायचा?

तर प्रिंटरचा नवा पत्ता शोधायचा होता. यादीत ‘अज्ञात उपकरण’ या नावाचे तीन भाडेकरू होते. भाचा म्हणाला, प्रिंटरवरचं वायफायचं बटण दाबून धर. मी धरलं. सकाळपासून मौनात असलेलं ते यंत्र घरघरलं, थरथरलं आणि त्याने दिवसातला पहिला कागद बाहेर टाकला. त्यावर होता त्याचा स्वतःचा पत्ता. १९२.१६८.१.८. माझ्या पत्त्याचा पुरावा छापून न देणाऱ्या प्रिंटरने स्वतःचा पुरावा मात्र स्वतःच छापून दिला होता. स्वयंसाक्षांकित.

त्याच कागदावर खाली १२ अक्षर-आकड्यांची आणखी एक ओळ होती. तो मॅक ॲड्रेस, कारखान्यातून निघताना अंगावर गोंदवून मिळालेला. आपल्या प्रत्येक सरकारी अर्जात दोन रकाने असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. आयपी म्हणजे सध्याचा आणि मॅक म्हणजे कायमचा, गावाकडचा. राऊटरमध्ये एक सोय असते. हा मॅक ज्याचा, त्याला हाच क्रमांक द्यायचा, दुसऱ्या कोणाला नाही, असं तिथे एकदा नोंदवून ठेवता येतं. आठ नंबरची खोली मी प्रिंटरच्या नावे राखून टाकली. ना एजंट, ना डिपॉझिट, ना अंगठा. दोन मिनिटं लागली. मग त्याच ड्रायव्हरला खरा पत्ता दिला. पट्टी शेवटापर्यंत गेली आणि भाडेकरार पानामागून पान बाहेर आला. रात्रीचे साडेआठ वाजले होते. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं, हे बायकोने तेव्हा सांगितलं.

सोमवारी शाळेच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी करार उलटून पाहिला, शेवटची तारीख वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हा अकरा महिन्यांचा आहे. कायमच्या पत्त्याचं काही आहे का?”

मी खरं ते सांगितलं. आमच्या घरात कायमचा पत्ता मिळालेला भाडेकरू सध्या एकच आहे, आणि तो शोकेसवर असतो.