नुसत्या ऐकणाऱ्याची कैफियत

मु. पो. पिंगुळी, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग

विमानतळावरील क्ष-किरण यंत्रापाशी उभे असणारे तपासणी-अधिकारी यांस,



मागल्या खेपेस आपली व माझी जी मुलाखत झाली ती आपण विसरला असाल. कारण आपल्यासमोरून दररोज सहस्रावधी पिशव्या सरकत असतात, आणि त्यांतील एका पिशवीत एका वृद्ध इसमाचा बिनतारी ग्राहक-संच, ज्याला हल्लीची मंडळी स्कॅनर म्हणतात, निघाला, ही घटना आपल्या दफ्तरी फारशी मोठी नव्हे. माझ्या मनात मात्र ती घर करून बसली आहे. आणि तिची कैफियत रीतसर अर्जाने खात्याकडे रवाना करून तो कागद कोणत्या तरी कपाटात पिवळा होऊ देण्यापेक्षा ती चारचौघांत वाचली जावी, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. यात मी निःपक्षपाती राहण्याचा यत्न करणार नाही. निःपक्षपातीपणा हा ज्याची वस्तू जप्त झालेली नाही त्याचा अलंकार आहे.

हा संच काय करतो ते प्रथम निवेदन करतो. त्या दिवशी सांगू लागलो तेव्हा माझ्यामागे रांग होती आणि आपल्यामागे आपले साहेब. तो ऐकतो, आणि ऐकण्यापलीकडे काहीही करीत नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात वैमानिक आणि भूमीवरील नियंत्रक जे बोलतात, ते एकामागून एक वारंवारता चाळीत, जेथे आवाज लागेल तेथे थांबत, तो धन्याच्या कानी घालतो. संध्याकाळी खळ्यात खुर्ची टाकून बसले की किनाऱ्याच्या अंगाने दक्षिणेस उतरणाऱ्या विमानांचे आवाज त्यातून येऊ लागतात. या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या असल्याने पस्तीस हजार फुटांवरचा वैमानिक चारशे किलोमीटरांवरूनही मला ऐकू येतो. परंतु तो ज्याच्याशी बोलत असतो तो नियंत्रक पृथ्वीच्या गोलाईआड दडलेला असल्यामुळे त्याचे एक अक्षरही पिंगुळीपर्यंत पोचत नाही. तात्पर्य, मला केवळ उत्तरे ऐकू येतात, प्रश्न येत नाहीत. आणि 'उंची अमुक, दिशा तमुक, नमस्कार' एवढ्या अर्धवट श्रवणातून राष्ट्राचे कोणते गुपित फुटावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. तीच उंची, तोच वेग, तेच विमान, नावगावासकट, आज कोणतेही शाळकरी पोर मोबाइलवरच्या फ्लाइटरडारच्या नकाशात पाहते. कारण विमान स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर ही सारी माहिती क्षणोक्षणी जाहीर करीत उडत असते.

आपण तो संच दोन बोटांनी उचललात. वीतभर रबरी अँटेना, अंकांच्या कळा, माथ्यावर फिरवण्याची दोन बोंडे. त्यांतले एक फिरवून आपण तो चालू केलात, दुसरे, नेमके खरखर दाबून ठेवणारे, उलटे फिरवलेत, आणि त्यातून जो मोकाट खरखराट उसळला त्याने आपण एक पाऊल मागे सरलात. "ये वॉकी-टॉकी है?" मी म्हटले, "नाही साहेब, हा नुसता ऐकतो." त्यावर नव्यन्यायाच्या पंडिताला शोभेल अशा गांभीर्याने आपण उद्गारलात, "सुनता है, तो बोलता भी होगा."

साहेब, या अनुमानातील हेत्वाभास दाखवण्याचे स्थळ ते नव्हते, म्हणून येथे दाखवतो. ऐकणारा तो बोलणाराच, हा सिद्धान्त खरा असता, तर पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ मुकाट्याने भाषणे ऐकत आलेल्या या देशातील रयतेचा आवाज दिल्लीस केव्हाच ऐकू गेला असता.

पुढे आपले साहेब आले. त्यांनी तिसऱ्या एका साहेबांना दूरध्वनी केला. भिंतीवरील निषिद्ध वस्तूंची यादी वरपासून खालपर्यंत वाचण्यात आली. तीत सुरी होती, कात्री होती, काड्यापेटी होती, हा संच नव्हता. मी म्हटले, यादीत नाही, अर्थात मनाई नाही. साहेब म्हणाले, यादीत नाही, अर्थात परवानगी नाही. एकाच अभावातून दोन विरुद्ध निर्णय निघाले, आणि त्यांपैकी गणवेशातला निर्णय ग्राह्य ठरला. अखेर जी तडजोड झाली तीत संचातले सेल काढून टोपलीत टाकण्यात आले (त्याच वेळी शेजारच्या ट्रेमधून त्यांच्या कित्येक पट वीज कोंडलेली पॉवर बँक बिनदिक्कत पुढे गेली), अँटेना काढून आपल्या खणात ठेवण्यात आली, आणि संच मला परत मिळाला. म्हैस सोडून देऊन दावे जप्त करण्याचा हा न्याय कोणत्या स्मृतीत आहे? पावती मागितली, ती मिळाली नाही. नोंदवहीत काय लिहिले ते मी उलट्या बाजूने वाचले: 'वॉकी-टॉकी, केवल सुनने वाला'. या चार शब्दांनी माझी जबानी पूर्ण मान्य केली होती, आणि तरीही मुद्देमाल आपल्याकडेच राहिला!

आपल्याला वाटत असेल की म्हातारा कायदा जाणत नाही. जाणतो. १९३३ सालचा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा गोऱ्या साहेबाने केला, आणि परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा त्याने गुन्हा ठरवला. परंतु त्या कायद्यातही कान आणि मुख यांतील भेद शाबूत आहे. प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. आणि नुसता ग्राहक बाळगणाऱ्यास पहिल्या अपराधाला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढच्यांना अडीचशेपर्यंत. माझ्या वडिलांच्या काळी घरातल्या रेडिओलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. जाचक होते, पण तेथे खिडकी होती, खिडकीमागे कारकून होता, आणि पैसे भरले की शिक्का मिळे. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्याची जागा घ्यावयाचे ठरले असून दंडाचे आकडेही पुष्कळ भारदस्त झाले आहेत. भारदस्त झाली नाही ती खिडकी. सबब, मी गुन्हेगार असेन तर बेलाशक शंभराची नोट घ्या आणि पावती फाडा. गुन्हेगार नसेन तर अँटेना द्या. दोन्हींच्या मधला, अपराधही न नोंदवता वस्तू ठेवून घेण्याचा जो मार्ग आपण काढलात, तो गोऱ्या साहेबालाही सुचला नव्हता.

विमानात बसल्यावर हा संच चालू करू द्यावा, असे माझे मागणे नाही, आणि तेथे आपण मला अडवाल तर मी आपल्या बाजूने उभा राहीन. कारण नुसते ऐकणाऱ्या यंत्रालाही ऐकण्यासाठी आपल्या उदरात एक लहानसा आंदोलक चालवावा लागतो. १०० मेगाहर्ट्झवरचे एफएम केंद्र ऐकणाऱ्या साध्या रेडिओचा आंदोलक सामान्यतः १०.७ मेगाहर्ट्झ वरच्या अंगाला, म्हणजे ११०.७ वर गुणगुणत असतो. आणि १०८ ते ११२ हाच पट्टा धुक्यात उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या संकेतांचा आहे. म्हणूनच अमेरिकेने साठच्या दशकाच्या आरंभीच विमानात एफएम रेडिओ लावण्यास मज्जाव केला, आणि आपल्याकडच्या १९३७ च्या विमान नियमांतही प्रवाशांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांविषयी स्वतंत्र कलम आले. यातले एक वाक्य आपण उच्चारले असतेत, तर मी आपल्याला गुरुस्थानी मानले असते. परंतु त्या अर्ध्या तासात 'आकाशात हा चालू करणार का?' एवढा एकमेव रास्त प्रश्न मला कोणीही विचारला नाही.

इतर तक्रारी संक्षेपाने. कंबरपट्टा काढायला लावून एका हाताने धोतर व दुसऱ्या हाताने ओळखपत्र धरावयास सांगितलेत, ते सोसले. बहिणीसाठी नेलेले सुके खोबरे सामानातून काढलेत. ते आंतरराष्ट्रीय नियमांत आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत १३६३ या क्रमांकाने नोंदलेले आहे हे मला ठाऊक होते, म्हणून कोकणी मनुष्य असूनही सोसले. पाणी ओतून टाकलेत आणि आत तेच पाणी सोन्याच्या भावाने विकत घ्यावयास लावलेत, तेही सोसले.

माझ्यावर गुदरले ते काहीच नव्हे, हेही कबूल करतो. फेब्रुवारी २०१० मध्ये दोन ब्रिटिश छांदिष्ट दिल्लीच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसेल अशी खोली मागून स्कॅनर लावून बसले, आणि त्या हौसेपायी पोलीस कोठडीत गेले. ते निदान ऐकत तरी होते. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या गोव्यात परदेशी पाहुणे ज्या गार्मिनच्या यंत्रापायी विमानतळावर अडकले, ते यंत्र डोंगरात वाट चुकलेल्याने उपग्रहाकडे 'मला वाचवा' म्हणावे, यासाठी घडवलेले. पुढच्या महिन्यात असली यंत्रे आणू नयेत असे प्रवाशांना बजावण्याचे फर्मान विमान कंपन्यांना सुटले. म्हणजे कोठडी आधी आणि सूचना मागाहून. आणि हेरगिरीचेच म्हणाल, तर आमच्या पिंगुळीचे ठाकर, चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन गावोगाव खेळ करणारे, शिवकाळात हेर म्हणून हिंडत, असे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यांच्यापाशी कोणते यंत्र होते? हेराचे जे खरे आयुध, मनुष्याचा कान, ते आपल्या धातुशोधक चौकटीतून रोज बिनबोभाट पलीकडे जाते.

आता राष्ट्रीय सुरक्षेविषयी. ती आम्हांला शिकवू नका. आम्ही किनाऱ्यावरची माणसे आहो. १९९३ साली आरडीएक्स उतरले ते याच किनाऱ्यावर, रायगडातील शेखाडीला. ते कोणाच्या रेडिओतून उतरले नाही, होड्यांतून उतरले, ट्रकांत चढले आणि नाक्यांवरून पुढे गेले. आणि त्यातून मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले त्यांच्या खटल्यात न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत गणवेशातले पोलीस होते, सीमाशुल्क खात्याचे अधिकारी होते. ज्या रात्री तपासायचे त्या रात्री तपासले नाही, मुंबईची माणसे रस्त्यावर मेली, आणि आता त्या पापाची फेड म्हणून एका म्हाताऱ्याची रबरी अँटेना खणात कोंडून ठेवता? लाज वाटली पाहिजे! आपल्याला नव्हे. ज्यांनी आपल्या हाती ही यादी दिली, आणि तीत काय आहे व काय नाही हे ठरवण्याचा त्रास न घेता आपल्याला सहस्र माणसांच्या तोंडी उभे केले, त्यांना.

कारण आपला चेहरा मला आठवतो. साहेब निघून गेल्यावर, सेल टोपलीत टाकता टाकता, आपण आवाज खाली आणून विचारलेत, "इसमें दरभंगा आता है?" मी म्हटले, विमानांच्या पट्ट्याखेरीज मध्यम लहरीही यात आहेत, आणि रात्री त्या लांबवर जातात, प्रयत्न केला तर एखादे वेळी येईलही. आपल्या खांद्यावरचा अधिकृत वॉकी-टॉकी तेव्हा सारखा खरखरत होता, त्यातून कोणी तरी आपल्याला दुसऱ्या फाटकावर बोलावीत होते, आणि त्या गदारोळात आपल्याला स्वतःचे नावही धड ऐकू येत नव्हते. गाव दोन दिवसांच्या वाटेवर, रजा केव्हा मंजूर होईल याचा नेम नाही, आठ-आठ तास उभे राहणे, आणि एक वस्तू चुकून सुटली तर नोकरीवर गदा. असा मनुष्य अज्ञात वस्तूला होय म्हणणार तरी कोणाच्या भरवशावर? अँटेना आपल्या खणात, संच माझ्या पिशवीत, आणि दरभंगा दोघांनाही नाही: आपल्या खात्याने साधलेली सुरक्षा ती एवढी.

तेव्हा मागणी आपल्यामार्फत वरच्यांकडे करतो. दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी शाखेने ग्राहक आणि प्रक्षेपक यांच्यासाठी दोन निरनिराळ्या ओळी, मराठीत व हिंदीत, प्रत्येक तपासणी-मेजावर चिकटवाव्या. ऐकणाऱ्याला परवाना लागत असेल तर तो कोणत्या खिडकीवर, किती रुपयांत मिळतो, ते लिहावे. लागत नसेल तर तसे लिहावे. जे यंत्र भूमीवर निर्दोष पण आकाशात सदोष, ते बंद करून पिशवीत ठेवावयास सांगावे. आणि जे काही ठेवून घ्यावयाचे असेल, त्याची पावती द्यावी. पावतीवाचून घेतलेल्या वस्तूला मराठीत निराळे नाव आहे आणि ते मी सभ्यतेस्तव येथे लिहीत नाही.

दिवाळीनंतर मला पुन्हा त्याच वाटेने जावयाचे आहे. संच बरोबर असेल, नवी अँटेना घेतली आहे, आणि खिशात शंभराची नोट वेगळी काढून ठेवली आहे. आपण पावती-पुस्तक घेऊन यावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक पिंगुळीकर
(केवल सुनने वाला)